भाषा यादीत आहे, समूह कुठे आहे? : चेन्नईतील मुक्त स्रोत प्रकल्पांकडे मराठीतून पाहताना

एखाद्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात 'मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध' असे वाक्य तुम्ही वाचता. त्यातून तुम्हाला नेमके काय कळते? मेनू मराठीत दिसेल, हे कळते. ती मराठी कोणी लिहिली, चुकली तर कोणाला सांगायचे, सांगितल्यावर ती कोण बदलेल आणि बदलायला नकार द्यायचा अधिकार कोणाला आहे, यातले काहीच कळत नाही. या टिपणात आपण हे दुसरे प्रश्न विचारणार आहोत. मुक्त स्रोत प्रकल्पात भाषेचे संघटन झाले आहे की नाही, हे माझ्या मते या प्रश्नांवरून ठरते. भाषांची यादी केवढी लांब आहे यावरून ते ठरत नाही.

उदाहरणांसाठी चेन्नई निवडली आहे. भारतीय भाषांच्या संगणनात या एका शहरात तीन वेगवेगळ्या तऱ्हेची कामे झाली. पहिले तमिळभाषकांनी स्वतःसाठी उभारलेले, दुसरे सरकारी संस्थेने सगळ्या भाषांसाठी केलेले आणि तिसरे आयआयटी मद्रासच्या आवारात सध्या चालू असलेले. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात मराठी आहे. पहिल्यात ती नाही, पण आपल्याला सर्वांत जास्त शिकण्यासारखे तिथेच आहे.

आधी एक वाक्य

संघटन, समूह, समन्वय हे शब्द फार हवेत राहतात, म्हणून आधी एक अगदी छोटे वाक्य घेऊ. संगणकावर तुम्ही काही पुसून टाकले की पडद्यावर सूचना येते. मूळ इंग्रजी प्रोग्राममध्ये तिची रचना साधी असते: एक रिकामी जागा आणि पुढे 'डिलीटेड'. रिकाम्या जागेत वस्तूचे नाव आपोआप बसते. अनुवादकासमोर एवढाच तुकडा येतो आणि त्याचे मराठी त्याला एकदाच करायचे असते.

आता ते करून पाहा. फाइल हटवली, फोटो हटवला, चित्र हटवले. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते आणि रिकाम्या जागेत काय येणार हे अनुवादकाला माहीत नसते. तो बिचारा 'हटवले' लिहून मोकळा होतो आणि पडद्यावर 'फाइल हटवले' उमटते. वाचणारा म्हणतो, काय ही मराठी! वास्तविक अनुवादकाचा यात दोष नाही. दोष मूळ वाक्याच्या बांधणीत आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाइलीसाठी, फोटोसाठी आणि चित्रासाठी तीन स्वतंत्र वाक्ये ठेवली असती किंवा अनुवादाच्या फाइलीत संदर्भ जोडला असता, तर अडचण आली नसती. गेटटेक्स्ट या सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनुवादपद्धतीत अशी संदर्भाची सोय आहे. पण ती वापरावी लागते मूळ प्रोग्राममध्ये. तिथे अनुवादकाचा हात पोचत नाही.

हाच तुकडा चेन्नईतल्या तमिळ अनुवादकासमोर ठेवा. तमिळमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच वर्गात मोडतात. 'कोप्पु नीक्कप्पट्टदु' म्हणजे फाइल काढली गेली, 'पडम् नीक्कप्पट्टदु' म्हणजे चित्र काढले गेले. क्रियापद तेच राहते. त्याला इथे काही खटकण्याचे कारणच नाही. तो कितीही निष्ठेने काम करणारा असो, मराठीची ही अडचण त्याला दिसणार नाही, कारण त्याच्या भाषेत ती अडचण नाही.

उलट दुसरी रचना घ्या: 'अमुक मध्ये हलवले'. मराठीत रिकाम्या जागेत 'चित्रे' आले की 'चित्रे मध्ये' होते, हवे असते 'चित्रांमध्ये'. सामान्यरूप करायला यंत्राला जमत नाही. इथे मात्र तमिळ माणूस तुमच्याबरोबर मान डोलावेल. त्याच्याकडेही 'पडम्' या शब्दाचे 'पडत्तिल्' होते, नुसता प्रत्यय चिकटवून भागत नाही. म्हणजे काही अडचणी एकट्या मराठीच्या आहेत. त्या मराठीभाषकाने स्वतः मूळ प्रकल्पात जाऊन मांडाव्या लागतात. काही अडचणी सामाईक आहेत आणि त्या दोन-चार भाषांनी मिळून मांडल्या तर ऐकणाऱ्याला नाकारणे जड जाते. भाषासमूहाची गरज कुठे पडते, ते या दोन वाक्यांत आले. समूह म्हणजे शब्दाला शब्द देणाऱ्यांची यादी नव्हे. मूळ रचनेवर आक्षेप घेऊ शकणारी आणि तो आक्षेप तडीस नेणारी माणसे म्हणजे समूह.

तमिळांनी काय केले

फेब्रुवारी 1999 मध्ये चेन्नईत 'तमिळनेट 99' ही परिषद भरली. त्या वेळी प्रत्येक फाँट बनवणारा आपापली सांकेतिक लिपी वापरत असे. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होई. मराठीतही तेव्हा अगदी हेच चालले होते. परिषदेत टॅम आणि टॅब या दोन संकेतप्रणालींची आणि 'तमिळ 99' या कळफलकाची शिफारस झाली. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी त्यांना मान्यता दिली. संकेतप्रणाली युनिकोड आल्यावर मागे पडल्या. कळफलक आजही वापरात आहे.

निर्णयापेक्षा तो घेण्याची रीत अधिक महत्त्वाची होती. परिषदेला श्रीलंका, सिंगापूर, मलेशियातील तमिळभाषक होते. सिंगापुरात आणि श्रीलंकेत तमिळ ही राजभाषांपैकी एक आहे. त्यामुळे चेन्नईने ठरवले आणि बाकीच्यांनी मान तुकवली, असे होणे शक्यच नव्हते. वाद घालायला कायमची जागा हवी होती. ती पुढच्याच वर्षी 'उत्तमम्' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रूपाने उभी राहिली.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. युनिकोडमध्ये तमिळची अक्षरे ज्या रीतीने बसवली आहेत ती अनेकांना पटली नव्हती. प्रत्येक जोडस्वराक्षराला स्वतंत्र स्थान असावे, असा आग्रह धरणारा मोठा गट होता आणि त्यातून टेस-16 ही पर्यायी प्रणाली पुढे आली. 2010 साली तमिळनाडू सरकारने युनिकोडला मान्यता देताना टेस-16 लाही पर्याय म्हणून जागा ठेवली. तांत्रिकदृष्ट्या मला हा निर्णय अर्धवट वाटतो. दोन मानके म्हणजे मानक नसल्यासारखेच. पण निर्णय चुकीचा असला तरी तो कोणाचा होता, कोणी विरोध केला आणि का केला, हे सगळे नोंदलेले आहे. शेजारच्या केरळातही असेच घडले. 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग' हा 2002 मध्ये सुरू झालेला स्वयंसेवी गट. मलयाळमच्या चिल्लू अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान देण्याला या गटाने विरोध केला आणि 2008 साली युनिकोड 5.1 मध्ये ती अक्षरे आलीच. गट हरला. पण हरण्यासाठीसुद्धा आधी मैदानात असावे लागते. हाच गट पुढे फाँट, कळफलक, शब्दशोधक बनवत राहिला, आणि केरळातील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले असल्याने त्या कामाला वापरणारेही मिळाले.

त्याच 2008 च्या आवृत्तीत देवनागरीतही एक अक्षर आले: 'ॲ'. त्याआधी 'ॲप' लिहायचे तर अ वर चंद्र चढवण्याची कसरत करावी लागे, नाहीतर हिंदीचा 'ऍ' वापरावा लागे. मराठीला रोज लागणारे हे अक्षर. त्याच्या येण्याची आपल्याकडे चर्चा किती झाली? मला तरी चिल्लूच्या शतांशही दिसत नाही.

याचे एक कारण आपल्या लिपीत आहे असे मला वाटते. तमिळला थोरली बहीण नव्हती. तमिळभाषकांनी केले नसते तर तमिळ संगणकावर आलीच नसती. मराठीला हिंदी आहे. हिंदीसाठी देवनागरी आली की मराठी 'आपोआप' चालते असे सगळ्यांना वाटते आणि ते जवळजवळ खरेही आहे. त्या 'जवळजवळ'मध्ये मात्र आपली भाषा अडकते. पाकळीचा ल आणि देठाचा श, 'दुसऱ्या'तला ऱ्य, 'ॲ', कोशातला ह-ळ-क्ष-ज्ञ हा क्रम: हिंदीच्या अंगरख्यात न मावणाऱ्या या गोष्टी. कपडे आयते मिळाले की शिंपी शोधण्याची घाई कोणाला असते?

चेन्नईहून आलेली मराठी

आता दुसरे उदाहरण. 2005 साली केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय साधन केंद्र चेन्नईत उभारले. त्यात दोन भागीदार होते: सी-डॅक चेन्नई आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट आवारातील एयू-केबीसी संशोधन केंद्र. त्याच वर्षी विभागाने तमिळ फाँट आणि सॉफ्टवेअरची मोफत सीडी चेन्नईत प्रकाशित केली. मग हिंदीची आणि पुढे इतर भाषांच्या सीडी आल्या. साधन केंद्रातून निघालेले मोठे काम म्हणजे 'बॉस' ही लिनक्सप्रणाली. डेबियनवर आधारलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती जानेवारी 2007 मध्ये आली. भारतीय भाषांचा पाठिंबा हे तिचे मुख्य वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले आणि त्या भाषांत मराठी होती.

बॉसची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे. त्यात मला सामील व्हायचे नाही. स्थापना करतानाच भारतीय भाषा, कळफलक आणि फाँट नीट बसलेली प्रणाली त्या काळी घरबसल्या मिळत नव्हती. एखाद्या तालुक्याच्या कार्यालयातल्या लिपिकाने फाँट कुठून उतरवायचा, कोणत्या फोल्डरात ठेवायचा, कुठली सेटिंग बदलायची, हे सगळे शिकावे ही अपेक्षाच चुकीची होती. ते काम सी-डॅकने एका ठिकाणी केले. स्वयंसेवकांना ते जमले नसते.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. मुक्त सॉफ्टवेअरची वाट नदीसारखी असते. वरच्या बाजूला मूळ प्रकल्प असतात: पडद्याचा सगळा संसार सांभाळणारा ग्नोम, फायरफॉक्स, ऑफिस. त्यांच्याकडून डेबियन घेते, डेबियनकडून बॉस घेते, बॉसकडून लिपिक घेतो. 'फाइल हटवले' ही चूक वरच्या बाजूला आहे. ती बॉसमध्ये दुरुस्त केली तर तेवढ्या आवृत्तीपुरती दुरुस्त होते, पुढच्या पाण्याबरोबर पुन्हा खाली येते. ती कायमची जायची तर कोणीतरी प्रवाहाविरुद्ध पोहत ग्नोमपर्यंत जायला हवे आणि तिथे मराठीच्या वतीने बोलायचा अधिकार त्याच्याकडे असायला हवा. बॉसच्या घडणीत भाषा हे एक 'काम' होते. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या निधीत पूर्ण करून द्यायचे. काम पूर्ण होते, समूह पूर्ण होत नसतो. खालच्या टोकाला बसलेल्या, स्वतः मराठी न बोलणाऱ्या केंद्राने वरच्या टोकाला जाऊन मराठीसाठी भांडावे ही अपेक्षा अवास्तव होती. ती कोणी केलीही नाही. पण मग मराठीसाठी भांडायचे कोणी, या प्रश्नाची जागा रिकामीच राहिली.

पुण्याची बाजू

ती जागा काही काळ पुण्याने भरली, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयात भारतीय भाषांच्या अनुवादकांचा गट होता. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फाँट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. पुढे त्यात मराठीसाठी वेगळा फाँटही होता. 2008 मध्ये याच वर्तुळातून 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. त्याची कल्पना मला आजही आवडते. पडद्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची एक यादी करायची, सुमारे पावणेसहाशे नोंदींची. मग अनुवादक, भाषातज्ज्ञ, पत्रकार, साधे वापरणारे अशांना एका खोलीत बसवायचे आणि एकेक नोंद चर्चेने ठरवायची. निकाल सर्वांसाठी खुला ठेवायचा.

'सेव्ह'ला काय म्हणायचे? जतन करा, साठवा, संचयित करा. एका प्रोग्राममध्ये एक, दुसऱ्यात दुसरे असले की वापरणारा गोंधळतो आणि शेवटी इंग्रजीकडे वळतो. 'फाइल' ठेवायची की 'धारिका' आणायची? माझे मत विचाराल तर फाइल. कचेरीत शंभर वर्षे फायली सरकताहेत, तो शब्द आता आपलाच आहे. तुमचे मत वेगळे असेल. चर्चा झाली, नोंद राहिली आणि पुढच्या माणसाला ती वाचून 'हे का ठरले' ते कळले, की खोलीत बसण्याचे सार्थक झाले. फ्युएलने शब्दाइतकीच ठरवण्याची रीतही ठरवली.

अडचण पुढे येते. या समूहाचा कणा नोकरीचा होता. पगार घेऊन मराठी अनुवाद करण्यात गैर काहीच नाही. उलट फुकटच्या श्रमावर भाषा उभी करण्याचा आग्रह मला दांभिक वाटतो. पण कणा एका कार्यालयात असला की त्या कार्यालयाचे अग्रक्रम बदलले की सगळेच थांबते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. प्रत्येक आवृत्तीत नवी वाक्ये येतात, जुनी बदलतात. कोणीच काही केले नाही तरी अनुवादाचे प्रमाण आपोआप घसरत जाते. 80 टक्क्यांच्या वर असलेल्या भाषेला ग्नोम 'पाठिंबा असलेली' म्हणतो. एखादी भाषा या रेषेवर चढते आणि काही वर्षांनी खाली येते, तेव्हा तिथले मराठी, तमिळ किंवा अन्य बोलणारे कमी झालेले नसतात. दोन-तीन माणसांनी नोकरी बदललेली असते.

तुम्ही स्वतः पाहू शकता. कोणत्याही मुक्त प्रकल्पाची मराठी पीओ फाइल साध्या मजकूर संपादकात उघडा. वरच्या काही ओळींत शेवटचा अनुवादक कोण आणि शेवटचा बदल कधी झाला, ते लिहिलेले असते. पाच-सहा प्रकल्पांच्या फायली उघडा. नावे किती वेगळी आहेत आणि तारखा किती जुन्या आहेत, ते मोजा. टक्केवारीपेक्षा या दोन गोष्टी तुम्हाला समूहाची प्रकृती अधिक खरी सांगतील.

तमिळमध्येही माणसे गळतात. फरक इतकाच की तिथे एक दार बंद झाले तर दुसरे असते. चेन्नईचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. 2012 पासून 'कणियम' हे मुक्त सॉफ्टवेअरला वाहिलेले तमिळ नियतकालिक आहे. परदेशातले गट आहेत. अनुवादक हा तिथे एकटा कारागीर नसतो. त्याच्याभोवती वाचणारे, शिकवणारे, कुरकुरणारे असतात. हा शेवटचा वर्ग फार मोलाचा. मराठीत आपण चुकीच्या मराठी मेनूचे छायाचित्र काढून एकमेकांना पाठवतो, हसतो आणि मेनू इंग्रजीत करून टाकतो. तक्रार नोंदवण्याइतका संबंध आपल्याला त्या प्रकल्पाशी वाटत नाही. तक्रार नोंदवणे हीच भाषासमूहाच्या सभासदत्वाची पहिली पायरी आहे, हे कोणी आपल्याला शिकवलेलेही नाही.

दुरुस्ती न करता येणारे वाक्य

तिसरे उदाहरण आजचे आहे आणि मला ते सर्वांत निकडीचे वाटते. आयआयटी मद्रासमधील एआय-फॉर-भारत हा गट भारतीय भाषांसाठी मुक्त भाषाप्रतिमाने तयार करतो. जुलै 2022 मध्ये तिथे नीलेकणी केंद्र सुरू झाले. 2023 मध्ये आलेले 'इंडिकट्रान्स-2' हे यांत्रिक भाषांतराचे प्रतिमान राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व 22 भाषा हाताळते. त्यासाठी जोडवाक्यांचा जो साठा वापरला त्यात सुमारे 23 कोटी जोड्या आहेत. त्यांतील सुमारे 6 लाख 44 हजार माणसांनी नव्याने, हाताने भाषांतरित केल्या. भाषांतरकारांसाठी 'शून्य' नावाची कामाची प्रणाली तयार केली, तीही मुक्त आहे. 2024 मधील 'इंडिकव्हॉइसेस' या ध्वनिसाठ्यासाठी 145 जिल्ह्यांतील 16 हजारांहून अधिक लोकांचे बोलणे नोंदवले गेले. हे काम मोठे आहे, उघड्यावर केलेले आहे. बॉसच्या काळापेक्षा एक पाऊल पुढचेही आहे, कारण इथे प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेची माणसे कामाला होती.

पण आपले सुरुवातीचे प्रश्न इथे लावा. पीओ फाइलीतले वाक्य चुकले तर ती ओळ शोधता येते, बदलता येते, बदल कोणी केला ते दिसते. प्रतिमानाने 'फाइल हटवले' लिहिले तर बदलायची ओळच नाही. ते वाक्य कोट्यवधी उदाहरणांच्या सरासरीतून आलेले असते. तुम्ही तक्रार नोंदवू शकता. तक्रारीचे उत्तर मात्र पुढच्या प्रशिक्षणापर्यंत लांबते आणि तेव्हाही ती एक तक्रार 23 कोटींत विरघळते. परवाना मुक्त आहे, स्रोत खुला आहे, पण 'बदलण्याचे स्वातंत्र्य' एकट्या मराठीभाषकाच्या आवाक्यातून निसटले आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या व्याख्येत न बसलेली ही नवी गोष्ट आहे.

याचा संघटनावर थेट परिणाम होतो. पूर्वी समूह शेवटी आला तरी चालत असे. सॉफ्टवेअर तयार होई, मग अनुवादक येत. आता समूहाचा हात लागायचा तर तो सुरुवातीला, साठा गोळा होत असतानाच लागला पाहिजे. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवला जातो: कधी ऱ आणि हलन्त, कधी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडने दोन्ही रीती मान्य केल्या आहेत. साठ्यात कोणती ठेवायची? 'ॲ' कसा लिहायचा? वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याची नोंद 'मराठी' या नावाखाली घेतली तर लिहिताना ती जशीच्या तशी उतरवायची की प्रमाण करून? हे तांत्रिक निर्णय दिसतात, पण भाषेचे आहेत. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. साठवणुकीच्या पातळीवर मराठीने काय पाळावे याबद्दल चेन्नईच्या त्या चमूने कोणाला विचारायचे? तमिळबद्दल विचारायचे तर दहा दारे आहेत. मराठीबद्दल विचारायचे तर शासनाचे एक दार आहे आणि ते या कामासाठी बांधलेले नाही. त्यामुळे प्रकल्पात पगारावर असलेले चार-सहा मराठी भाषांतरकार जे ठरवतील ते चालते. ते चांगलेच ठरवत असतील. पण ते आपले प्रतिनिधी आहेत असे त्यांनाही वाटत नसेल.

यात चेन्नईला दोष देऊन भागणार नाही. दार ठोठावण्याचे काम आपल्या बाजूचे आहे. ते लहान असू शकते. इंडिकट्रान्स-2 बरोबर 'इन-22' हा चाचणीसंच खुला केलेला आहे. भाषांतर बरोबर आले की नाही हे ज्याच्यावर मोजले जाते तो हा संच. सर्वसाधारण विषयांवरची 1,024 वाक्ये आणि संभाषणातली 1,503 वाक्ये, सगळी माणसांनी भाषांतरित केलेली. मोजपट्टीच वाकडी असेल तर तिच्यावर मोजलेले सगळे वाकडे येते, म्हणून ही वाक्ये साठ्यातल्या कोट्यवधी वाक्यांपेक्षा महत्त्वाची. अडीच हजार वाक्ये म्हणजे मराठीच्या वर्गातले 25 विद्यार्थी, प्रत्येकी सुमारे 100 वाक्ये. एका सत्राच्या प्रात्यक्षिकात ती वाचून होतात. प्रत्येक वाक्यापुढे दोन रकाने ठेवा: हे असे कोणी बोलेल का, आणि नसेल तर कसे बोलेल. ऱ्य आणि ॲ कसे साठवले आहेत त्यासाठी तिसरा रकाना. जिथे वर्गात दुमत होईल तिथे दोन्ही मते लिहा, मतदानाने एक खोडू नका. मग तो तक्ता सहीनिशी, विभागाच्या नावाने, त्या प्रकल्पाकडे पाठवा, आणि वर्गातल्या कोणाकडे तरी उत्तराचा पाठपुरावा पुढच्या सत्रात करण्याची जबाबदारी द्या.